किल्ली कोणाच्या ताब्यात?

कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा एक माणूस प्रत्येक वाडीत असतो. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं आणि रिक्षात बसल्यावर बायकोला विचारायचं, ‘‘लावलं होतं ना गं?’’ आमच्या वाडीत हे खातं अप्पांकडे आहे. निवृत्त झाल्यावर माणसं विष्णुसहस्रनाम लावतात. अप्पा तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आले आणि कुलपाचा रोग समुद्राच्या तळापर्यंत घेऊन गेले.

मालवणात होडीतून जायचं असतं, किल्ली खोलीवर टाकून निघता येतं. इथे मिऱ्याच्या बाजूला अप्पांची चौकडी किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरते. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, अंगाला चिकटलेला रबरी सूट. गाडीची किल्ली ठेवायची कुठे? बाकीच्यांनी हा प्रश्न मिनिटात सोडवला. अप्पांनी त्याची फाइल उघडली.

आयुष्य बँकेत गेलेलं. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात, एकट्याला ती उघडता येत नाही. डुप्लिकेट किल्ली त्याच शाखेत ठेवायची नाही, दुसऱ्या शाखेत ठेवायची. किल्ली या हातातून त्या हातात गेली की वहीत तारीख, वेळ, सही. हा सगळा कारभार अप्पांनी चारचाकीला जसाच्या तसा लावला. गाडीची डुप्लिकेट किल्ली लांज्याला बहिणीकडे असते. डॅशबोर्डच्या कप्प्यात दोनशे पानी वही असते. आणि भेटलेल्या माणसाला ‘कसं काय’ विचारण्याऐवजी अप्पा विचारतात, ‘‘किल्ली कोणाच्या ताब्यात आहे?’’

पहिला प्रयोग टायरचा. पुढच्या चाकावर, आतल्या बाजूला किल्ली सरकवून अप्पा समुद्रात गेले. पण गाडी नवी, किल्ली बिनतारी. ती जवळपास असली की गाडी मालकाला ओळखते, दाराच्या मुठीवरचं बटण दाबलं की दार उघडतं. मालक कोण हे मात्र तिला कळत नाही. सावलीला टेकलेल्या शहाळीवाल्याचा हात त्या बटणावर पडला आणि दार टुक्‌कन उघडलं. बिचारा शहाळी सोडून अर्धा तास गाडी राखत बसला. अप्पांनी त्याचे आभार मानले आणि वहीत त्याची सही घेतली.

दुसरा प्रयोग गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटाचा. दुकानदार म्हणाला, ‘‘शंभर टक्के वॉटरप्रूफ.’’ होतं, पावसापुरतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि पाकिटातली हवा निम्म्या जागेत दबते. अप्पा त्याच्या निम्म्यावरही पोचले नव्हते, पण पाकिटाला तेवढं पुरलं. खारं पाणी आतल्या सर्किटला लागलं. किल्ली गोड्या पाण्यात धुतली, तांदळाच्या डब्यात पुरली. दोन दिवसांनी तांदूळ तेवढे खारट झाले. स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधी रोखून धरायचा नाही. अप्पांनी तो पाण्यात कधी मोडला नाही. नव्या किल्लीची किंमत ऐकल्यावर शोरूममध्ये मोडला.

मग त्यांनी अभ्यास केला. असल्या किल्लीच्या पोटात एक साधी धातूची पाती असते, बॅटरी मेली तर दार उघडायला. तिच्यात सर्किट नाही, त्यामुळे पाणी तिचं काही बिघडवत नाही. ती बाहेर काढून दोरीने सुटाच्या आत बांधायची. उरलेली किल्ली चपात्यांच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून गाडीत ठेवायची. धातूच्या वेष्टनातून तिच्या लहरी बाहेर पडत नाहीत. फॅरेडेने १८३६ साली धातूच्या पिंजऱ्याचा प्रयोग करून दाखवला, त्याचं चीज अखेर मिऱ्यावर झालं. उपाय खरोखर बिनतोड आहे, हे मी कुरकुरत का होईना मान्य करतो.

पण उपाय किल्लीवर होता, अप्पांवर नव्हता. एकदा पाण्याखाली त्यांना शंका आली की फॉइल नीट गुंडाळलं का. खाली बोलता येत नाही, म्हणून त्यांनी जोडीदाराला हाताने किल्ली फिरवून दाखवली. आता डायव्हिंगच्या खुणांत पंजा असा डावीउजवीकडे हलवला तर अर्थ होतो, काहीतरी बिघडलंय. जोडीदाराने त्यांचा दंड धरला, हवेचा काटा तपासला, अंगठा वर केला. चौघंही सावकाश वर आले. पाण्यावर डोकं येताच तोंडातली नळी काढून अप्पा म्हणाले, ‘‘गाडीकडे बघा हो कोणीतरी.’’

त्यांचा खरा राग पर्यटकांवर. भाट्याच्या वाळूत थेट लाटेपर्यंत गाडी घालतात, चाकं रुततात, भरती चढत येते आणि मालक रिमोट दाबत उभा. अप्पांच्या मते हे जोखीम व्यवस्थापनाचं उत्तम उदाहरण: किल्ली शाबूत, गाडी समुद्रात.

इतका वैताग देणाऱ्या माणसाच्या घरी मी मुद्दाम जात नाही. पण परवा पाण्याच्या मोटारीपायी जावं लागलं आणि ओटीच्या भिंतीवरची फळी पहिल्यांदा नीट बघितली. रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा, जुडग्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. ‘पुढचं दार’, ‘माजघर’, ‘विहिरीची मोटार’. वाडीतली निम्मी घरं बंद. माणसं मुंबईला, पुण्याला, त्याही पलीकडे. त्यांच्या किल्ल्या अप्पांकडे. पाऊस लागण्याआधी कौलं बघायची, गणपतीच्या आधी दारं उघडून घर वाऱ्यावर टाकायचं, कुलपात खोबरेल सोडायचं. कोणी यावं म्हणून. पुष्कळदा कोणी येत नाही. एका जुडग्याचे मालक वारले, मुलं अमेरिकेत आहेत आणि त्यांनी कित्येक वर्षांत चौकशी केलेली नाही. त्या घराच्या कुलपालाही तेल असतं.

‘‘ही किल्ली आता कोणाच्या ताब्यात द्यायची?’’ अप्पांनी मलाच विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्यात. आधी त्याच किनाऱ्यावर बसायच्या, गाडीची किल्ली पदराला बांधून. वही, फॉइल, पाती यातलं काहीच तेव्हा नव्हतं. साऱ्या वाडीची कुलपं सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची एक किल्ली तासभर कोणाकडे द्यावी हे कळेनासं झालं, त्याला हे निमित्त झालं असणार. अर्थात हा माझा तर्क. अप्पांना विचारलं असतं तर त्यांनी लेखी मागितलं असतं.

म्हणून गेल्या रविवारी मी आपणहून म्हटलं, ‘‘अप्पा, तुम्ही जा पाण्यात. किल्ली द्या माझ्याकडे, मी बसतो.’’ त्यांनी मला खालून वर निरखलं. मग किल्ली दिली. पाती, फॉइल काही नाही, अख्खी किल्ली. वहीत वेळ टाकून माझी सही घेतली, सही वाचता येत नाही म्हणून खाली ठळक अक्षरांत नाव लिहायला लावलं आणि ते पाण्यात गेले. त्या दिवशी चौकडीला मध्येच वर यावं लागलं नाही.

परत आल्यावर टॉवेलने हात पुसून त्यांनी किल्ली घेतली, उलटसुलट करून उन्हात धरली आणि वहीच्या शेरा रकान्यात लिहिलं: ‘किल्ली परत मिळाली. वाळू लागलेली आढळली.’