बारा औंसांचे आजोबा

अल्विझे कॉर्नारो दिवसाला बारा औंस खायचे आणि चौदा औंस प्यायचे. खायचे म्हणजे पाव, अंड्याचा बलक, थोडं मांस, सूप. प्यायचे म्हणजे वाइन. जेवणापेक्षा वाइन दोन औंस जास्त, आणि तरी हे गृहस्थ युरोपभर संयमाचे पुतळे म्हणून गाजले!

मुक्काम पादुआ, व्हेनिसच्या राज्यातलं शहर. काळ सोळाव्या शतकाचा. घरचे सधन जमीनदार. तरुणपणी खाण्यापिण्यात काही कसर ठेवली नाही. मग पोटदुखी, सांधे, बारीक ताप असं सगळं एकदमच मागे लागलं. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर काही महिन्यांचे सोबती. कॉर्नारोंनी पथ्य धरलं आणि ते ठणठणीत झाले. इथवर कुणाची तक्रार असायचं कारण नव्हतं.

पण पथ्याने बरा झालेला माणूस गप्प बसलाय, असं कधी पाहिलंय? १५५८ साली त्यांनी संयमी जीवनावर पुस्तकच काढलं, आणि पुढे त्याला पुरवण्या जोडत राहिले.

त्या काळचे वैद्य गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतले. हवा, अन्नपाणी, झोप, हालचाल, पोट साफ असणं आणि मनाचे विकार, या सहा गोष्टी सांभाळा म्हणजे आजार दाराशी येत नाही, असं सांगणारे. कॉर्नारोंनी पाचांना रीतसर मान दिला आणि ताटाला जन्माचं धरून ठेवलं. वास्तविक हालचालही भरपूर होती. कुणाचा हात न धरता घोड्यावर बसायचे, जिने आणि टेकड्या पायी चढायचे, दलदल उपसून लागवडीला आणलेल्या जमिनी बघत हिंडायचे. माझ्या मते निम्मं श्रेय त्या टेकड्यांचं. पण टेकडीचे औंस मोजता येत नाहीत ना!

घरच्यांना हे बघवेना. “आता वय झालं, थोडं वाढवा,” असा सगळ्यांनी धोशा लावला. मित्र आले, वैद्यही त्यांच्या बाजूला. शेवटी कॉर्नारो मानले. बाराचे चौदा औंस, चौदाचे सोळा. म्हणजे साधारण एक घास आणि दोन घोट. थोड्याच दिवसांत आनंदी माणूस चिडका झाला, बाराव्या दिवशी कुशीत कळ आली, ती बावीस तास राहिली, आणि मग पस्तीस दिवस ताप. पुन्हा बारा-चौदावर आले तेव्हा उठले. घरच्यांनी दोन औंस वाढले. यांनी ते पुस्तकात छापून जगाला सुनावले.

उन्हाळ्यात त्यांना जुनी वाइन सोसायची नाही, अगदी गळून जायचे. नवी आली की तीन-चार दिवसांत पुन्हा ताजे. नव्वदी ओलांडल्यावर तर आवाज इतका खणखणीत झाला म्हणे, की पूर्वी पुटपुटत म्हणायची प्रार्थना ते मोठ्याने गाऊ लागले. शेजाऱ्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि ती नव्वदी? अभ्यासकांच्या हिशेबाने जन्म १४८४ च्या सुमाराचा, मृत्यू १५६६ चा. म्हणजे ब्याऐंशीच्या आसपास. स्वतःच्या लिखाणात मात्र आजोबा पंच्याण्णव गाठून मोकळे. औंसाला इतका काटेकोर माणूस, पण वर्षं सढळ हाताने वाढायचा.

पुढे त्याच पादुआत सांतोरिओ नावाच्या प्राध्यापकाने कडी केली. खुर्चीच तराजूला टांगली. त्यात बसून जेवायचं. ठरलेलं वजन पोटात गेलं की खुर्ची किंचित खाली बसणार, म्हणजे जेवण संपलं. त्याचं पुस्तक १६१४ सालचं. कॉर्नारोंना ही खुर्ची मिळाली असती तर घरच्यांशी वादच उरला नसता.

तिंतोरेत्तोने काढलेलं कॉर्नारोंचं चित्र फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे. तिकडे गेलात तर जरूर बघा. मात्र आधी जेवून घ्या.