शाल, श्रीफळ आणि साडेचार रिश्टर

लहानथोरांना एकत्र आणणारा आखाडा बाळापूर परिसरातला अलीकडचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम कुठल्याही समितीने आखला नव्हता. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि निमंत्रणपत्रिका, दीपप्रज्वलन, सूत्रसंचालक यांवाचून आजोबा-नातू एकाच वेळी रस्त्यावर आले. ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. हा वन्समोअर कुणी मागितला नव्हता. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. पण खरी गंमत पुढची आहे. किल्लारीचा १९९३ सालचा सप्टेंबर आठवणाऱ्या पिढीकडे त्या सकाळी सांगण्यासारखं काही होतं, आणि त्यानंतर जन्मलेल्यांकडे मोबाइलवर आलेला आकडा होता. एकाला आकडा हवा होता, दुसऱ्याला अनुभव. माझं म्हणणं एवढंच : पिढ्या प्रेमाच्या आवाहनाने जवळ येत नाहीत, एकमेकांवाचून अडलं की येतात.

आपले कार्यक्रम मात्र कुणाचंच काही अडणार नाही याची काळजी घेऊन आखलेले असतात. राज्य सरकारने २०२३ पासून शाळांत १० सप्टेंबर हा आजी-आजोबा दिवस ठरवला. हेतू उत्तम, पण पहिल्याच वर्षी ती तारीख रविवारी आली. आजोबांना सगळे वार सारखेच, पण नातू रविवारी शाळेच्या दिशेला पाय करूनसुद्धा झोपत नाही. वार सोडा, अशा समारंभांचा साचाच बघा : म्हातारी माणसं खुर्चीवर, पोरं सतरंजीवर आणि मधल्या जागेत पाहुण्यांचं भाषण. पोरांनी नाचायचं, थोरांनी टाळ्या वाजवायच्या, शेवटी शाल-श्रीफळ. दोन पिढ्या दोन तास एका मांडवात बसतात, एसटीच्या एका बाकावरचे दोन प्रवासी बसतात तशा.

कुणी म्हणेल, मग काय दरवर्षी भूकंप मागवायचा? त्याला वर्गणी लागत नाही हे खरं, पण तो तारीख देत नाही. त्याची गरजही नाही. संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे अखंड हरिनाम सप्ताह कुणाला शिकवायला नको. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही म्हटलं की पहाऱ्याची यादी लागते. अभंगाची चाल म्हाताऱ्यांच्या गळ्यात असते. रात्री दोनच्या पहाऱ्याला, पंगतीत वाढायला आणि मृदंग बडवायला पोरांचं अंग लागतं. नियोजन इथेही असतं, अगदी काटेकोर. फरक इतकाच की इथे प्रेक्षक नेमलेला नसतो.

दुसरा आक्षेप : ‘हल्लीची पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.’ काढतात, आजोबांचा ओटीपी आला की काढतात. पीएम-किसानच्या ई-केवायसीने जेवढे आजोबा नातवाशेजारी बसवले, तेवढे संस्कार शिबिरांनीही बसवले नसतील. हळदीचंही तसंच. कढईतली हळद शिजली की नाही हे जुनं माणूस काडी टोचून सांगतं, आज भाव काय फुटला ते नातू स्क्रीनवर बघून सांगतो. दोघांपैकी एक चुकला तरी नुकसान घराचंच. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी घेऊन बसल्या आणि त्यांचा घरचा अभ्यास घ्यायला नातवंडं पुढे आली. ज्यांना आजवर दटावून पाढे म्हणायला लावलं, त्यांच्यापुढेच आता बाराखडी गिरवायची. हा सूड समजा किंवा सहवास, बोलणं मात्र सुरू झालं.

शेवटचा आक्षेप हळव्या लोकांचा : ‘हा तर व्यवहार झाला, माया कुठे आहे?’ माया कार्यक्रमपत्रिकेत छापून येत नाही. कामाच्या ओघात ती मागच्या दाराने आत येते. तेव्हा नियोजन करणाऱ्यांनी वीणेचा नियम तेवढा उचलावा : पुढचा आल्याशिवाय खाली ठेवायची नाही आणि तो आला की त्याच्या गळ्यात घालायची. शाली आणल्याच असतील तर वाया जाणार नाहीत. रात्री दोनच्या पहाऱ्याला गारठा असतो.