कानात काय घातलंयस?

फोनवर गाणी ऐकता येत असताना वेगळा प्लेअर कशाला, असं मला इतक्या जणांनी विचारलं आहे की आता उत्तर पाठच झालं आहे. प्लेअरवर फोन येत नाही. बस्स. गायक विलंबितात अर्धा तास घालवून, एकेक पायरी चढत तार षड्जापाशी पोचलेला असतो, आता लावणार, आता लावणार, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो आणि एक मंजुळ आवाज म्हणतो, ‘सर, आपल्यासाठी प्री-ॲप्रूव्ह्ड लोन आहे.’ षड्जाच्या जागी साडेदहा टक्के व्याज! एकदा हे सोसलेला माणूस वेगळ्या यंत्राची किंमत विचारत नाही.

माझा प्लेअर शर्टाच्या खिशात मावतो. त्याला इंटरनेट नाही, कॅमेरा नाही. त्यात एक कार्ड जातं आणि कार्डात गाणी आपली आपण भरावी लागतात. पडद्यावर चार ओळी मावतात, त्यातली एक बॅटरीसाठी राखीव. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो बाहेर काढला तेव्हा नव्याने लागलेल्या एका मुलीने मोठ्या काळजीने विचारलं, ‘काका, शुगर जेवणाआधी चेक करता की नंतर?’

तर अशा या यंत्राचा मूळ हेतू एकच : माणसाला एकट्याला, इतरांना त्रास न देता आणि इतरांचा त्रास न होता गाणं ऐकता यावं. हेतू उत्तम आहे. फक्त तो ठरवताना डोंबिवलीतल्या एकत्र कुटुंबाला कोणी विचारलेलं नव्हतं.

अगदीच विचार झाला नव्हता असंही नाही. सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा कंपनीच्या अकिओ मोरितांना एक खंत लागून राहिली होती. शेजारी माणूस बसलेला असताना आपण एकट्याने गाणं ऐकायचं, हे उद्धटपणाचं नाही का दिसणार? म्हणून त्या पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायला दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. बटण दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि आतल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. जगाने त्या बटणाकडे ढुंकून पाहिलं नाही आणि पुढे ते गेलंच. मोरिता आमच्याकडे चार दिवस राहायला आले असते तर बटण टिकलं असतं. यंत्रावर नाही, घरातल्या इतर प्रत्येकाच्या हातात एकेक.

कारण कानात इअरफोन असलेल्या माणसाशी बोलू नये, हा संकेत आमच्या घरापर्यंत पोचलेला नाही. त्याच्याशी जरा मोठ्याने बोलावं, इतपतच पोचला आहे.

‘कानात काय घातलंयस?’ आई स्वयंपाकघरातून विचारते.

‘गाणी ऐकतोय.’

‘काय?’

‘गाणी! गाणी ऐकतोय!’

‘मग मला का नाही ऐकू येत?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर तिचा मुद्दा बिनतोड आहे. तिचं सगळं आयुष्य फळीवर ठेवलेल्या एका रेडिओवर गेलं. ‘आपली आवड’ लागलं की आवड कोणा एकाची असायची आणि ऐकायची सगळ्या चाळीने. हिंदी गाण्यांची फर्माईश झुमरीतलैय्याहून यायची आणि आमटी गिरगावात उतू जायची. त्या माणसाला आपण कधी पाहिलेलं नाही, पण त्याने मागितलेलं गाणं आपल्याला ऐकू येतं. आणि पोटचा मुलगा शेजारच्या खोलीत बसून गाणं ऐकतो, तर त्याचा एक सूर आपल्या वाट्याला येत नाही! असं चोरून ऐकण्यासारखं त्या गाण्यात आहे तरी काय, हा संशय तिने अजून सोडलेला नाही.

बायकोचा आक्षेप वेगळा, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. एमपीथ्री हा प्रकार मुळात कानाच्या एका खोडीवर उभा आहे. मोठ्या आवाजाला लागून असलेला बारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, जे ऐकूच येत नाही ते साठवून ठेवायचं कशाला? दिलं काढून. सीडीवर मिनिटभर गाण्याला साधारण दहा एमबी लागायचे, ते काम एकावर आलं. काढलेलं कानाला कळत नाही ना, हे पाहायला त्यांनी सुझॅन व्हेगाचं साथीविना गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा वाजवून तपासलं. आमच्या स्वयंपाकघरात हे तत्त्व लग्नापासून सिद्ध झालेलं आहे. मिक्सर चालू असताना बायको जे सांगते ते मला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू आलं नाही ते मीही साठवून ठेवत नाही. फरक इतकाच की ब्रांडेनबुर्ग यांना रात्री साडेनऊला कोणी ‘दुपारी काय सांगितलं होतं मी?’ असं विचारत नसे.

घरात जमत नाही म्हणून माणूस लोकलवर भिस्त ठेवतो. तिथे सगळे परके. पण चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या परक्यालाही आपल्या कानात काय चाललंय याची चौकशी असते. ‘जुनी का?’ असं विचारत हात पुढे येतो आणि डावा इअरफोन त्याच्या कानात जातो. आता गाणं असतं स्टीरिओत. व्हायोलिनांचा ताफा त्याच्या वाट्याला, तबला माझ्या. ‘साउंड बरोबर नाही हो याचा,’ असा अभिप्राय देऊन तो घाटकोपरला उठतो, आणि वायर त्याच्या बॅगेच्या बंदात अडकलेली असल्यामुळे माझं गाणंही त्याच्याबरोबर दारापर्यंत जातं.

आणि भजनी मंडळाचा डबा मिळाला तर विषयच संपला. आवाज मारणारे म्हणून जे महागडे हेडफोन मिळतात ते पंख्याची घरघर, एसीची गुणगुण, विमानाचं इंजिन असे एकसुरी आवाज चांगले गिळतात. टाळ गिळणारा हेडफोन अजून कोणी बनवलेला नाही. त्यात डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारा हात साडेतीन इंचांवर असतो. एकदा मी हट्टाने आवाज वाढवत वाढवत शेवटच्या रेघेपर्यंत नेला. प्लेअरने पडद्यावर, कान जातील बरं का, अशा अर्थाची सूचना दिली. मी तो बंद केला. टाळवाल्या काकांनी माझ्याकडे पाहून अशी मान डोलावली, जणू दुसऱ्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक परत आलंय.

शास्त्रीय संगीताच्या शौकिनाची आणखी एक गंमत असते. हे यंत्र पाश्चात्त्य पॉपसाठी जन्मलं, त्यामुळे त्याला मानमरातब कळत नाही. गायकांची यादी ते बाराखडीने लावायला जातं, तीही इंग्रजी. परिणामी सगळे पंडित एका आळीत, सगळे उस्ताद दुसऱ्या आळीत, आणि ‘श्रीमती’ लावलेल्या सगळ्या गायिका, घराणं कोणतंही असो, एस खाली. भीमसेन जोशी माझ्या प्लेअरवर पाच ठिकाणी राहतात. एक नुसते भीमसेन, एक ‘पंडित’, एक ‘पं.’ टिंबासकट, एक टिंबाशिवाय. २००८ साली भारतरत्न जाहीर झाल्यावर कोणा उत्साही माणसाने तेही नावाआधी लावलं, ते पाचवे. हे पाचही एकच गृहस्थ आहेत हे यंत्राला पटवण्यात माझे कित्येक रविवार गेले आहेत.

त्याहून वाईट अवस्था गौहरजानची. १९०२ साली कलकत्त्यात त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी म्हटली. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं म्हणून गाणं संपलं की बाई स्वतःच इंग्रजीत आपलं नाव खणखणीत आवाजात सांगायच्या. जर्मन कामगारांना कळलं. शंभरावर वर्षं उलटून गेल्यावर माझ्या प्लेअरवर त्या ‘अननोन आर्टिस्ट’ म्हणून नांदत आहेत. दर तीन मिनिटांनी बिचाऱ्या ओरडून नाव सांगतात, पण यंत्र फक्त वाजवतं, ऐकत नाही.

बाबांना मी हा प्लेअर दिला त्या संध्याकाळी त्यावर शफल चालू राहिलं होतं. शफल म्हणजे गाण्यांचे पत्ते पिसणं. खरोखर पिसले तर एकाच गायकाची गाणी लागोपाठ येऊ शकतात. आयपॉड वापरणाऱ्यांना ती लबाडी वाटली. तेव्हा २००५ साली ॲपलने पिसण्यात मुद्दाम ढवळाढवळ करायची सोय दिली, म्हणजे लोकांना ते पिसल्यासारखं वाटेल. बाबांच्या बाबतीत ढवळाढवळ कमी पडली. संध्याकाळी सात वाजता पहिलीच निघाली भैरवी. भैरवी झाली म्हणजे मैफल संपली, हा बाबांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली, ‘छान झालं गाणं,’ म्हणाले आणि पंखा बंद करून उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मालकंस लागला. त्यांनी मला खिडकीचे पडदे ओढून घ्यायला सांगितलं.

आता बाबांनी स्वतःचं यंत्र घेतलं आहे. ते इअरफोनचं नाही. बागेत सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या खिशात वाजणारा तो छोटा चौकोनी डबा असतो ना, पेनड्राइव्ह खुपसला की चालू होणारा, तो. स्टेशनजवळच्या एका दुकानात गाणी भरून मिळतात. पोराने ‘जुनी भरू की भक्ती?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कॉम्प्युटरवर होतं नव्हतं ते सगळं ओतलं. त्यामुळे बाबांच्या खिशातून रामरक्षा संपली की हळदीचा डीजे सुरू होतो. समोरून येणाऱ्या आजोबांच्या खिशात तलत महमूद असतो. दोघे बाकावर बसतात, दोन्ही डबे चालू ठेवून गप्पा मारतात, आणि कोणालाच काही खटकत नाही. आई हल्ली बाबांबरोबर फिरायला जाते. म्हणते, ‘ह्यांचं निदान ऐकू तरी येतं.’

या यंत्रांचा जमाना गेला, हे मला मान्य आहे. १९९८ साली कोरियात निघालेल्या एमपीमॅनमध्ये ३२ एमबी होते, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तीनच वर्षांत आयपॉड आला आणि त्याने खिशात हजार गाण्यांची सोय केली. मे २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. तरी साधे प्लेअर अजून मिळतात, आणि कर्जवाल्या मंजुळ आवाजापासून सुटका हवी असेल तर घेण्यासारखे आहेत. घेताना एवढंच बघा, त्याला इअरफोनचं जुनं, ३.५ मिलिमीटरचं गोल भोक असू द्या. आणि स्टेशनबाहेर एका भोकाची दोन करणारी छोटी वायर मिळते, तीही त्याच फेरीत घेऊन टाका. निम्मं गाणं मागणारा शेजारी बसलेला असतोच, आणि नुसता तबला ऐकून घाटकोपरपर्यंत दम निघत नाही.