ठसा जुळत नाही

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक या गावी सुरक्षिततेचे शास्त्र दोन वाटांनी येऊन पोहोचले असून दोन्ही वाटांवर ठसाच मागितला जातो. पहिला ठसा माणसाचा. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र, म्हणजे आधार क्रमांकाशी जोडलेले हातात मावणारे यंत्र, अंगठा टेकवल्याखेरीज सहसा धान्य सोडत नाही. आणि कांदा-बटाट्याच्या वावरात जन्मभर झिजलेला अंगठा त्या यंत्राला पटेलच असे नसल्याने, पिढ्यान्‌पिढ्या गावात नांदणाऱ्या माणसालाही आपण आपणच आहोत हे बोट पुसून, ओले करून, पुन्हा टेकवून सिद्ध करावे लागते. दुसरा ठसा संगणकाचा असतो आणि तो तपासण्याचे काम माणसाकडे असते. या दुसऱ्या परीक्षेत आजवर एकही संगणक नापास झाल्याचे ऐकिवात नाही, कारण परीक्षक उत्तरपत्रिका उघडतच नाही.

या दुसऱ्या ठशाला इतिहास आहे. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याची ‘एफटीपी’ ही रीत १६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभियंत्याने अमेरिकेतील एमआयटीत असताना मांडली. त्या काळी संगणक थोडे आणि त्यांचे चालक एकमेकांना ओळखणारे असल्यामुळे पासवर्ड तारेतून उघडाच जात असे. हा भोळेपणा पुढे अंगाशी आला. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड टिपत बसल्याचे उघडकीस आल्यावर तातू युलोनेन या संशोधकाने ‘एसएसएच’ ही कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता न येणारी, जोडणी रचली आणि तिच्यासाठी २२ क्रमांकाचे पोर्ट मागून घेतले. (पोर्ट म्हणजे संगणकाच्या अनेक दारांपैकी क्रमांक असलेले एक दार; २१ वर एफटीपी व २३ वर टेलनेट, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करण्याची जुनी रीत, हे दोन उघडेवाघडे शेजारी आधीपासून राहत होते.) फाइल पाठवण्याची ‘एसएफटीपी’ ही रीत याच जोडणीच्या आतून चालते.

आता असे गृहीत धरावे की, शेजारच्या अवसरी खुर्द येथे २००९ साली सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयात शिकणारा एखादा विद्यार्थी अवसरी बुद्रुकातील खोलीतून आपल्या प्रकल्पाची फाइल दूरच्या सर्व्हरवर पाठवू पाहतो. प्रथम भेटीत सर्व्हर आपल्या किल्लीचा ठसा म्हणून त्रेचाळीस अक्षरांची एक ओळ दाखवतो आणि हा सर्व्हर खराच तो आहे का, असे विचारतो. ती ओळ सर्व्हरच्या चालकाकडून वेगळ्या मार्गाने मिळवून ताडून पाहावी, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ‘यस’ ही तीन इंग्रजी अक्षरे टंकण्यास लागतो तेवढाच वेळ ही तपासणी चालते. ज्या गावात पारावर नवखा मनुष्य दिसताच तो कोणाचा पाहुणा, कोणत्या वाडीचा आणि कशासाठी आला याची चौकशी पूर्ण झाल्याखेरीज त्याला चहा मिळत नाही, त्याच गावात संगणकाच्या पडद्यावरील नवख्याला न विचारता माजघरात घेतले जाते.

पुढे कधीतरी त्याच पत्त्यावरून वेगळा ठसा येतो, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत, चौकटीसह, कोणीतरी मध्ये बसून काही वाईट करत असण्याची शक्यता आहे असा इशारा झळकतो. बहुतेक वेळा सर्व्हरवर नव्याने प्रणाली बसवलेली असते किंवा तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला मिळालेला असतो. एकाच नावाची खुर्द आणि बुद्रुक अशी दोन गावे शेजारी असलेल्या मुलखाला, नाव जुळले म्हणजे मुक्काम जुळला असे नसते, हे कोणी सांगायला नको. तरीही इशाऱ्याचे निरसन एकाच पद्धतीने होते: जुन्या ओळखींच्या यादीतील ती ओळ पुसून पुन्हा ‘यस’ टंकले जाते.

अडचणींचे निदानशास्त्रही दुर्लक्षितच आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ याचा अर्थ यंत्रापर्यंत निरोप पोहोचला, पण त्या दाराशी ऐकणारा कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ याचा अर्थ बहुधा फायरवॉलने, म्हणजे जाळ्याच्या वेशीवरील पहाऱ्याने, निरोप गुपचूप गिळला. पहिला नकार आहे आणि दुसरे मौन. शासकीय कार्यालयांशी पत्रव्यवहार केलेल्या नागरिकाला हा फरक वेगळा शिकवावा लागू नये. ‘परमिशन डिनाइड’ आल्यावर मात्र विद्यार्थीवर्गात ७७७ हा आकडा रामबाण मानला जातो. या आकड्याने फाइल वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मुभा सर्वांना मिळते. खाजगी किल्लीच्या फाइलला हा उपाय केला की एसएसएच ती किल्लीच नाकारते, कारण जी सर्वांना दिसते तिला ते किल्ली मानत नाही. तिथे ६०० हा, म्हणजे फक्त मालकापुरती मुभा देणारा आकडा लागतो. जोडणीच्या आज्ञेला ‘-व्ही’ हे शेपूट जोडले असता यंत्र आपली तक्रार पायरीपायरीने सांगते. परंतु यंत्राचे ऐकून घेण्याची प्रथा नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण असून तिने टिपलेला एक रेडिओ संकेत सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याला वाटेत कोणी ओटीपी विचारला नाही, ही त्याच्या सुखरूप आगमनामागील महत्त्वाची बाब होय. अवसरीची फाइल मात्र सर्व्हरचा नाद सोडून अखेर पेन ड्राइव्हमध्ये भरून, शर्टाच्या खिशातून, दुचाकीवर जवळच्या मंचरला निघते. ती तेथे ज्या कार्यालयात द्यायची, त्यात सुरक्षेच्या कारणास्तव पेन ड्राइव्ह लावण्यास मनाई असते, असेही गृहीत धरावे, आणि मग फाइल व्हॉट्सॲपवर टाकण्यास सांगण्यात येते. गंमत अशी की २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्यामुळे, साऱ्या प्रवासातील खरी सुरक्षित जोडणी ही एकच ठरते. पलीकडे पोहोचलेली फाइल टेबलावरील सर्वांच्या वापरातल्या संगणकावर उघडली जाते, तिच्या दोन छापील प्रती काढल्या जातात, आणि मूळ फाइल डाउनलोड्समध्ये कोणाच्या तरी लग्नपत्रिकेशेजारी राहते.