युरियाच्या गोणीतला वारा

शिरूर तालुक्यातल्या कारेगावात कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर उभं राहा आणि युरियाची एक गोणी हाताने उचलून पाहा. वर 'भारत युरिया' छापलेलं. वजन 45 किलो, नत्र 46 टक्के, किंमत 266 रुपये 50 पैसे. कांद्याच्या दिवसांत ती सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाली तर सोबत नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारली जाते. शेतकरी त्याला 'लिंकिंग' म्हणतात, आणि पुटपुटत का होईना, पैसे मोजतात.

त्या गोणीवर एक गोष्ट मात्र छापलेली नसते. तिच्यामागे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडलेला असतो.

हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. 45 किलो युरियाला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. अमोनियाच्या दर 17 किलोत 3 किलो हायड्रोजन. हा हायड्रोजन आपण आज नैसर्गिक वायू वाफेने फोडून काढतो. किलोभर हायड्रोजनमागे साधारण दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आणि त्या वायूचा मोठा भाग कतारसारख्या देशांतून जहाजाने येतो. म्हणजे शिरूर तालुक्यातल्या कांद्याची पात समुद्रापलीकडच्या वायूवर हिरवी होते.

हे आधी सांगितलं, कारण 'हरित हायड्रोजन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उद्याची कुठलीतरी चकचकीत मोटार येते. हायड्रोजन उद्याचा नाहीच. तो आपल्या बांधावर आहे, पिढ्यान् पिढ्या आहे. उद्याचं काय असेल तर तो काढण्याची रीत. पाण्यात वीज सोडायची आणि हायड्रोजन, ऑक्सिजन वेगळे करायचे. वीज वाऱ्याची किंवा उन्हाची असली तर तो हायड्रोजन हरित. त्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. किलोभर हायड्रोजनला त्यात 50 ते 55 युनिट वीज जाते. म्हणजे युरियाच्या एका गोणीला सव्वादोनशे युनिटच्या वर. बेताच्या घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल!

सगळा मुद्दा इथे आहे. हायड्रोजनचा प्रश्न हा विजेचा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात तो वाऱ्याचा प्रश्न आहे.

केंद्राने 4 जानेवारी 2023 रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 19,744 कोटी रुपये, आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचं धोरण आणलं. 8,562 कोटींची तरतूद, आणि 2030 पर्यंत 5 लाख टन. धोरण आणण्यात आपण देशात पुढे राहिलो, याचा मला आनंदच आहे. पण 5 लाख टनांना वीज किती लागते? किलोला 55 युनिट धरा. 2,750 कोटी युनिट होतात, दरवर्षी. एक मेगावॉटची चांगली पवनचक्की वर्षाला 24-25 लाख युनिट देते. भागाकार करा: अकरा हजार मेगावॉटच्या आसपास पवनचक्क्या.

आणि आहेत किती? सगळ्या महाराष्ट्रात मिळून पाच हजार मेगावॉटच्या थोड्या वर. 2025 च्या मार्चमध्ये देशाने 50 हजार मेगावॉट पवनऊर्जेचा टप्पा ओलांडला, तेव्हा गुजरात बारा हजारांच्या पुढे होता, तमिळनाडू अकरा हजारांच्या पुढे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अर्धा भार सौरऊर्जेने उचलला तरीही आज आहेत तेवढ्याच पवनचक्क्या नव्याने उभ्या कराव्या लागतील, आणि त्या एकट्या हायड्रोजनसाठी. घरं, पंप, कारखाने यांचं वेगळंच.

आपण कायम असेच मागे होतो असंही नाही. 1986 मध्ये देशातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा राहिला, 55 किलोवॉटच्या छोट्या यंत्रांचा. मग साताऱ्यात कोयनेच्या वर वनकुसवडे, चाळकेवाडी, पुढे सांगलीत ढालगाव, धुळ्यात ब्राह्मणवेल. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय हडपसरला आहे, कारेगावपासून दीड तासाच्या वाटेवर. आणि आपल्यासाठी तर सुपा! कारेगावातून नगरच्या दिशेने निघा, शिरूरला घोड नदी ओलांडा, आणखी थोडं पुढे गेलात की डोंगराच्या कडेला पाती फिरताना दिसतात. आषाढात तिथे उतरून पाहिलंय मी. अंगावरचा सदरा फडफडतो, बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि डोक्यावर पातं फिरताना दर फेरीला 'वूऽऽप' असा एक जड आवाज येतो. ढगांनी ऊन झाकलेलं, गावागावांतली सौर पॅनेल मरगळलेली, आणि इथे यंत्र जोमात.

म्हणूनच ऊन आणि वारा एकमेकांना लागतात. इलेक्ट्रोलायझर महाग आहे. तो दिवसाचे पाच-सहा तासच चालला तर त्याचा खर्च थोड्याच किलोंवर पडतो आणि हायड्रोजनचा भाव चढतो. ऊन दिवसा, वारा संध्याकाळनंतर आणि पावसाळ्यात. दोन्ही जोडले की यंत्र बसून राहत नाही. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. शिरूरच्या शेतकऱ्याची मागणी पंपाला दिवसा वीज द्या, ही आहे. उसात बिबट्या असतो. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं म्हणजे काय, ते पिंपरखेडसारख्या गावांना विचारा. 2025 मध्ये तिथे बिबट्याने माणसं मारली, लेकरंसुद्धा. तेव्हा दिवसाची सौरवीज आधी पंपाला. रात्रीचा वारा कारखान्याला आणि हायड्रोजनला. ही वाटणी कागदावर लिहून घ्यायला हवी, नाहीतर हायड्रोजनच्या नावाने पंपाची वीज पळेल.

पाण्याचं काय? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, आणि यायलाच हवा. किलोभर हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण, थंड करणं वगैरे धरून वीस लिटर म्हणा. मग राज्याच्या अख्ख्या 5 लाख टनांना 1,000 कोटी लिटर होतात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण तो अर्ध्या टीएमसीच्याही आत आहे. पाटपाण्यावरचा उसाचा एक एकर वर्षाला ढोबळमानाने 80 लाख लिटर पितो. म्हणजे राज्याचा सगळा हायड्रोजन सव्वा हजार एकर उसाच्या पाण्यात निघतो. पाणी हे खरं कोडं नाही. फक्त प्रकल्प कुठे बसवता ते पाहा. टँकरवर जगणाऱ्या गावाच्या उशाला बसवू नका, एवढंच.

आता कारेगावच्या पलीकडे, रांजणगावच्या एमआयडीसीत या. एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटारी. सहाच्या शिफ्टला चौकात इतकी गर्दी की रस्ता ओलांडता येत नाही. अशा वसाहतींत लाल रंगाचे सिलिंडर घेऊन जाणारा ट्रक दिसतो. लाल म्हणजे हायड्रोजन. धातूच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांत तो लागतो, म्हणजे पत्र्यावर, सुट्या भागांवर काळी पापडी धरत नाही. तो सिलिंडर कधी हलवून पाहिलाय? पोलादाचं वजन पन्नास किलोंच्या वर, आणि आत हायड्रोजन अर्धा किलोभर. ट्रक डिझेल जाळून लोखंड वाहतो! पुणे-नगर रस्त्याच्या कोंडीत तासन् तास उभा राहून वाहतो. लहान इलेक्ट्रोलायझर वसाहतीतच बसवला, त्याला सुप्यासारख्या डोंगरावरची वीज करार करून आणली, आणि नळीने गॅस भट्टीपर्यंत दिला, तर ही सगळी फेरी वाचते. हायड्रोजनची पहिली जागा ही आहे. भट्टी, खत, तेलशुद्धीकरण, पुढे पोलाद. जिथे विजेने थेट भागत नाही तिथे.

आणि जिथे थेट भागतं तिथे हायड्रोजन नकोच. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुण्यात या विषयाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून केलेली, हायड्रोजनवर चालणारी फ्यूएल सेल बस 2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच दाखवली गेली. संशोधन अव्वल आहे आणि लांब पल्ल्याच्या जड ट्रकांना ते उपयोगी पडेल. पण शहरातल्या बसला? पीएमपीच्या ताफ्यात बॅटरीवरच्या बस 2019 पासून धावताहेत. त्याच वाऱ्याची वीज बॅटरीत भरली तर बहुतेक चाकापर्यंत पोचते. तिचा हायड्रोजन करून, दाबून, पुन्हा वीज केली तर निम्मीही पोचत नाही. इतक्या कष्टाने मिळवलेला वारा असा सांडायचा? मला हे पटत नाही.

खताचं एक अवघड वळणही सांगतो. युरियाला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो त्या नैसर्गिक वायूतूनच मिळतो. म्हणून हरित अमोनियाची सुरुवात डीएपी आणि मिश्रखतांपासून होते आहे. 2025 मध्ये 'सेकी' या केंद्रीय कंपनीच्या लिलावात ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्ससाठी किलोला 55 रुपये 75 पैसे भाव निघाला. आदल्या वर्षी युरोपातल्या लिलावात निघालेल्या भावापेक्षा तो बराच खाली आहे. आता आपल्या राज्यातल्या थळ, तळोजा इथल्या खतकारखान्यांनी पुढची पायरी चढावी.

पण वीज कुठून आणणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. नवे डोंगर शोधण्याआधी जुने डोंगर नीट वापरा. सर्वांत चांगला वारा ज्या जागांवर आहे, तिथे सर्वांत जुनी आणि लहान यंत्रं बसलेली आहेत. वनकुसवड्याला साडेतीनशे किलोवॉटची यंत्रं होती. आज एकेक यंत्र तीन मेगावॉटचं येतं आणि उंचही असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, त्यामुळे उंचीचा प्रत्येक मीटर कामाचा. जुनी यंत्रं काढून नवी बसवण्याचं केंद्रीय धोरण 2023 च्या डिसेंबरात आलंय. पण एका डोंगरावर पन्नास मालक, जुने वीजकरार, अपुऱ्या वाहिन्या. हे गुंते सोडवायला मंत्रालयात कुणीतरी रोज बसायला हवं. आणि गावाला विचारायला हवं. पहिल्या वेळी पठारावरच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या, साक्रीत तर आदिवासींना वनजमिनीसाठी झगडावं लागलं. या खेपेला भाडं दरवर्षी मिळावं आणि वाढत जावं. ग्रामपंचायतीचा वाटा करारातच लिहावा, सणाच्या वर्गणीसारखा हातावर टेकवू नये.

रांजणगाव वसाहतीत लाल सिलिंडर किती येतात, कुठल्या भट्टीला किती, याची नुसती मोजणी करायला एका अधिकाऱ्याला आठवडा पुरेल. दिवाळीच्या आधी ती व्हावी. कारेगावच्या ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवायला मी येतो.