मु. पो. साडेत्र्याण्णव अंश पूर्व

मा. उपग्रह जीसॅट-१५ यांस,
विषुववृत्त, अंदमानच्या सरळ दक्षिणेला



नोव्हेंबर २०१५मध्ये आपण फ्रेंच गयानातून वर गेलात आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जे बसलात ते उठलाच नाहीत. आम्ही सातारकर, म्हणजे पेन्शनरांच्या गावचे. खुर्ची धरून बसण्याचे मोल आम्हाला कोणी शिकवायला नको. त्यातून आपल्यामार्फत येणाऱ्या डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. बॉक्स आणि छत्रीचे पैसे एकदा मोजले की सुटलो. म्हणून मी केबल तोडली. छत्री बसवणारा ‘उद्या येतो’ म्हणून गेला, तेव्हा तिसऱ्या दिवशी मीच पाना घेऊन गच्चीवर चढलो.

आपला पत्ता नातवाने मोबाईलवर काढून दिला होता: आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. मोबाईलमधले होकायंत्र मात्र पत्र्याच्या शेडजवळ नेले की उत्तर दिशा पाण्याच्या टाकीत दाखवी. शेवटी सूर्यावर भिस्त ठेवली. उंचीचा घोळ त्याहून मोठा. छत्री आकाशाकडे करावी तर काहीच नाही. ही जात तिरकस. लहरी टिपणारा एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर, त्यामुळे छत्री जिथे पाहतेसे वाटते त्याच्या वीस-पंचवीस अंश वरचे तिला दिसते. तोंड शेजाऱ्यांच्या बाल्कनीकडे, लक्ष आपल्याकडे. शेजारच्या वहिनींनी दोन दिवस पडदे ओढून घेतले होते.

टीव्हीवर दोन पट्ट्या होत्या, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. वायर जोडताक्षणी स्ट्रेंग्थ ८०वर. मी कंदी पेढे आणायला निघालोच होतो. मग कळले, छत्री भिंतीकडे वळवली तरी ती ८०च राहते. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी खूश. आपला खरा कौल क्वालिटीत, आणि तिथे भोपळा.

मग आमची साखळी लागली. सौ. टीव्हीसमोर, नातू जिन्यात, मी वर. मी छत्री केसभर सरकवायची, बॉक्सने दोन-तीन सेकंद विचार करायचा, सौ.नी ‘आलं’ म्हणायचे, नातवाने ‘आजोबा, आलं’ असे ओरडायचे. तोवर मी पुढे सरकलेलो.

‘गेलं!’

‘कुठं होतं?’

‘मघाशी होतं तिथंच!’

जुन्या अँटेनाच्या काळी मुंग्यांतून का होईना, माणसे दिसत. पाइप फिरवत फिरवत त्यांना बाहेर काढता येई. आपल्याकडे एक तर लख्ख चित्र, नाही तर काळा पडदा. दोन फुटी छत्रीला एक-दोन अंशांची चूकही आपण खपवून घेत नाही. आमच्या मुख्याध्यापकांचीही इतकी शिस्त नव्हती.

दिवेलागणीला सह्याद्री वाहिनी दिसली. मी नट आवळला. आवळता आवळता छत्री जरा फिरली आणि सह्याद्री गेली. दुसऱ्या खेपेला नातवाला छत्री मिठीत धरायला लावली आणि दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळले. तेव्हापासून आपण आमच्या घरात आहात.

तक्रार एकच. पाऊस आला की लोक छत्री उघडतात, आमची मिटते. आपल्या ११ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी पिऊन टाकते, हे कबूल. पण जुलैत यवतेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले की निवेदिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होतात आणि ऐन हवामानवृत्तात आवाज तुटतो. पाऊस पडतो आहे हे आम्हाला त्यावरूनच कळते.

आपली नेमणूक १२ वर्षांची, असे वाचले. म्हणजे निवृत्ती जवळ आली. आपल्या आधी इन्सॅट-४बी याच जागी होते; आपल्यामागून जे कोणी येतील त्यांनाही तिथेच बसायला सांगावे, ही विनंती. नटांवर गंज चढला आहे. आणि नातू नोकरीसाठी पुण्याला गेला. जिन्यात आता कोणी नसते.

आपला,
एक छत्रीधारक