काठीवाला एजंट

काठीवाला एजंट हा जमीनजुमल्याच्या दलालांमधला एक पोटभेद आहे. पुण्याच्या वाघोली-तळेगाव पट्ट्यात, कर्जत-मुरबाडकडच्या फार्महाऊस प्लॉटांवर आणि कोकणात तो विपुल आढळतो. पांढरा शर्ट, दोन मोबाईल आणि दुचाकीच्या डिकीत सातबाऱ्यांच्या झेरॉक्स ही लक्षणे इतर एजंटांसारखीच. ओळख पटते ती दुचाकीला बांधलेल्या, पुढेमागे हातभर बाहेर आलेल्या काठीवरून. तिच्या टोकाला मोबाईल लावून तो जागेचे फोटो वरून काढतो. जाहिरातीत त्याला तो ‘ड्रोन व्ह्यू’ म्हणतो.

उंचीची गरज खरी आहे, हे त्याच्या बाजूने आधीच सांगितले पाहिजे. दीड गुंठ्याचा, म्हणजे सुमारे १,६३३ चौरस फुटांचा प्लॉट उभ्या माणसाच्या नजरेतून टिपला तर फोटोत फक्त गवत येते; श्रावण असेल तर गवत आणि म्हैस. हद्दीचे चारही दगड एका चौकटीत आणायचे तर कॅमेरा १५ ते २० फूट वर जावा लागतो. बंगल्याचे दुखणे वेगळे. खाली उभे राहून मोबाईल वर तिरका केला की भिंती माथ्याकडे निमुळत्या होत जातात आणि बंगला मागे कलंडल्यासारखा दिसतो. कॅमेरा घराच्या निम्म्या उंचीवर नेऊन समोर सरळ धरला तर भिंती उभ्याच राहतात. साध्या दुमजली बंगल्याला त्यासाठी १०-१२ फूट पुरतात. काठीवाल्याला हे शास्त्र कोणी शिकवलेले नसते. बंगला कललेला आहे का, असे तीन गिऱ्हाइकांनी विचारल्यावर त्याला ते आपोआप कळते.

उंची स्वस्तात मिळवण्याची ही धडपड जुनी आहे. फ्रान्समध्ये नादारने १८५८ साली फुग्यात बसून पॅरिसजवळचा परिसर टिपला. १८८८ साली आर्थर बात्यूने पतंगाला कॅमेरा बांधला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ज्युलियस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याने चिमुकले कॅमेरे कबुतरांच्या छातीवर चढवले. काठीवाल्याने यातले एकही नाव ऐकलेले नसते, तरी पतंगापर्यंत तो स्वतःच्या बुद्धीने येतो. हा प्रयोग संक्रांतीला होतो आणि धाकट्या भावाच्या मोबाईलवर होतो. कबुतरे फुकट असतात, हे अजून त्याच्या ध्यानात आलेले नाही.

पहिल्या अवस्थेत तो दुसऱ्याच्या उंचीवर जगतो. शेजारच्या इमारतीची गच्ची, पाण्याची टाकी, जवळच्या बांधकामाची परांची, पथदिवे दुरुस्त करणारी नगरपालिकेची गाडी, यातले काहीही त्याला वर्ज्य नसते. रस्त्याचे काम चालू असेल तर तो जेसीबीच्या चालकाला चहा पाजून बकेटमध्ये उभा राहतो. पुढाऱ्यांवर फुले उधळायला जी बकेट चालते ती आपल्याला का चालू नये, हा त्याचा युक्तिवाद. (बकेट माणसे उचलण्यासाठी नसते; पण तेवढे कारण महाराष्ट्रात कोणाला पुरलेले नाही.) गच्चीचा मार्ग सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महाग. किल्ली ज्या काकूंकडे असते त्या आधी भाव विचारतात, मग “एवढा?” म्हणतात, आणि गिऱ्हाईक सोबत असेल तर त्याला सांगतात, “अहो, तिथं विहीर होती. गेल्या वर्षीच बुजवली.” त्यानंतर फोटो काढायचे कारण उरत नाही.

अशा दोन-चार गच्च्या झाल्या की काठीचा उदय होतो. सुरुवात सेल्फी स्टिकने होते. तिची लांबी दोन-तीन फूट, म्हणजे एजंटाला टाचा वर कराव्या लागतात. पुढची पायरी हार्डवेअरच्या दुकानातली, रंगाऱ्याचा रोलर लावायची लांबवता येणारी ॲल्युमिनियमची काठी. तिच्या टोकाला मोबाईलचा होल्डर बसत नाही, कारण होल्डरच्या तळाचे भोक ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूसाठी असते. खरे तर टोकाला तसा स्क्रू बसवून घेतला की काम भागते. काठीवाला तो खर्च वाचवतो आणि मोबाईल चिकटपट्टीने गुंडाळतो. चिकटपट्टी कॅमेऱ्यावर आली आहे हे वीस फुटांवर गेल्याशिवाय दिसत नाही.

कोकणातल्या काठीवाल्याची सोय उपजतच झालेली असते. हापूस उतरवायचा झेला, म्हणजे टोकाला जाळी असलेली काठी, घरोघरी असतो, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ तर फळाला इजा होऊ नये म्हणूनच बनवलेला आहे. जाळीत आंब्याऐवजी मोबाईल बसतो आणि पडला तरी जाळीतच पडतो. मात्र या जातीच्या सर्व फोटोंच्या कडेला जाळीचे दोरे दिसतात. गिऱ्हाइकाने विचारले तर “कंपाउंड आहे” असे उत्तर मिळते.

मोबाईल वर गेल्यावर बटण कोणी दाबायचे, हा पुढचा प्रश्न. दहा सेकंदांचा टायमर काठी उभी होईपर्यंत संपतो, त्यामुळे पहिल्या फोटोत एजंटाच्या नाकपुड्या येतात. ब्लूटूथचे छोटे बटण स्वस्त असते आणि त्याहून स्वस्तात हरवते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ चालू करून काठी वर न्यायची, सावकाश फिरवायची आणि नंतर त्यातले चांगले चित्र निवडायचे. हे जमले की काठीवाला प्रौढ झाला असे समजावे. काठी धरायला एक पोरगा असतोच. “डावीकडं घे. अरे, तुझ्या डावीकडं!” हा संवाद सर्व जिल्ह्यांत सारखाच ऐकू येतो. ॲल्युमिनियममधून वीज वाहते हे मात्र थोडेच जण ध्यानात घेतात. जवळ विजेच्या तारा असतील तर काठी उभीच करू नये, मग ती बांबूची असली तरी. ओल्या बांबूचाही भरवसा नाही.

ड्रोन हे काठीवाल्याचे स्वप्न. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, एवढेच त्याने वाचलेले असते. विमानतळांभोवती आणि लष्करी जागांभोवती बंधने असतात, हे पान तो उलटून जातो. वाघोली लोहगावच्या विमानतळाजवळ आहे असे सांगितले तर “विमानं वरून जातात, आपण खालून जाऊ” म्हणतो. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनलाही बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रमाणपत्र नको, हे कळल्यावर तो स्वतःला छंदी छायाचित्रकार जाहीर करतो. फ्रेमच्या मधोमध ‘विकणे आहे’ची पाटी असते. फेब्रुवारी २०२२पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, हे कारण मात्र त्याला फार आवडते, कारण न घेण्याला ते सन्मानाचे वाटते. मग तो लग्नाच्या ड्रोनवाल्याला गाठतो: “दादा, जाता जाता दोन मिनिटं आमच्याकडंही फिरवा की!” हाती येतो तो प्लॉट, मांडव आणि जेवणाच्या पंक्ती.

ड्रोनचा खरा तोटा निराळाच आहे. शंभर फुटांवरून प्लॉटबरोबर नालाही दिसतो, नाल्यापलीकडची वीटभट्टी दिसते, उच्चदाबाची वाहिनी दिसते आणि ‘हायवे टच’ म्हटलेला हायवे किती लांब आहे तेही दिसते. म्हणून मुरलेला काठीवाला शेवटी ड्रोनचा नाद सोडतो आणि १८ फुटांवर स्थिरावतो. तेवढ्या उंचीवरून हद्दीचे दगड दिसतात आणि वीटभट्टी आंब्याच्या झाडामागे राहते. जागेच्या फोटोला तेवढी उंची पुरेशीही असते, हे मान्य केले पाहिजे. गिऱ्हाइकाने मात्र अशा फोटोंत तीनच बाजू दिसत असतील तर चौथीचा फोटो मागून घ्यावा.